नवा उपग्रह आकाशात कसा ओळखावा: प्रक्षेपणाच्या बातमीपासून निरीक्षणाच्या वहीपर्यंत

३० जुलै २०२५ रोजी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ निघालं आणि इस्रो व नासाचा निसार उपग्रह कक्षेत पोहोचला. बातम्यांत त्याचं वजन आलं, खर्च आला, १२ मीटर व्यासाच्या अँटेनाचं कौतुक आलं. आकाश पाहणाऱ्यासाठी मात्र त्या बातमीतली सर्वांत मोलाची गोष्ट होती उड्डाणाची वेळ. तेवढ्यावरून सांगता येतं की हा उपग्रह महाराष्ट्रातून कोणत्या ऋतूत, साधारण किती वाजता आणि कोणत्या दिशेनं जाताना दिसेल. ते कसं, हे पुढे सविस्तर येईलच.

नव्यानं सुरुवात करणारे बहुतेक जण उलट्या बाजूनं निघतात. गच्चीवर जायचं, सरकणारा ठिपका दिसला की ॲप उघडून नाव शोधायचं. मौज म्हणून ते ठीक आहे. पण आज पृथ्वीभोवती दहा हजारांहून अधिक चालू उपग्रह फिरत आहेत, शिवाय जुनी रॉकेटं आणि तुकडे वेगळेच. एका ठिपक्यावर चार नावं जुळतात. त्यात परवाच सोडलेल्या उपग्रहाचं नाव ॲपच्या यादीत अजून चढलेलंही नसतं. म्हणून नवा उपग्रह ओळखायचा असेल तर क्रम असा धरा: आधी बातमी, मग कक्षा, मग घड्याळ आणि शेवटी आकाश.

उपग्रह दिसतो केव्हा

उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. तो सूर्यप्रकाशात असला आणि आपण अंधारात असलो, तरच दिसतो. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर जमिनीवर काळोख पडतो, पण काहीशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. जसजसा सूर्य खाली जातो, तसतशी पृथ्वीची सावली वर चढते आणि आधी खालचे, मग वरचे उपग्रह गिळत जाते.

मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर याचा हिशोब साधारण असा पडतो. ३०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासापर्यंत डोक्यावर दिसू शकतो. ४०० किलोमीटरवरचा सुमारे एक तास पंचवीस मिनिटं, तर ५५० किलोमीटरवरचा एक तास चाळीस मिनिटांपर्यंत. ऋतूनुसार यात थोडी मिनिटं इकडेतिकडे होतात. सूर्यास्तानंतरचा पहिला अर्धा तास आकाश फार उजळ असतं, तो वजा करा. म्हणजे संध्याकाळी तासाभराचा आणि पहाटे तेवढाच, एवढा वेळ आपल्या हाती असतो. युरोपात उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे तिथे रात्रभर उपग्रह दिसतात. तिकडच्या लेखांतला ‘रात्री कधीही पाहा’ हा सल्ला आपल्याकडे लागू नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. संध्याकाळी सावली पूर्वेकडून चढते. त्यामुळे पूर्वेकडे जाणारा उपग्रह बऱ्याचदा आकाशाच्या मध्यावरच मंद होत होत नाहीसा होतो. तो ढगात गेला किंवा नजरेतून सुटला असं समजून शोधत बसू नका, तो सावलीत शिरला. ही जागा आणि वेळ नोंदवली तर ओळख पटवायला फार उपयोगी पडते, कारण सावलीत शिरण्याची जागा उपग्रहाच्या उंचीवर अवलंबून असते.

आधी ओळखीच्यावर हात बसवा

नव्याच्या मागे लागण्यापूर्वी काही संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पाहा. उंची सुमारे ४२० किलोमीटर, प्रदक्षिणा साधारण ९३ मिनिटांत, आणि चांगल्या फेरीत शुक्राशी स्पर्धा करेल इतकं तेज. मुंबईच्या झगमगाटातही ते लपत नाही. त्यानंतर चीनचं तिआनगाँग स्थानक, मग हबल दुर्बीण. हबल तर आपला खास पाहुणा आहे. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २८.५ अंशांचा कोन करते, म्हणून ते महाराष्ट्रावरून, गोव्यावरून थेट जातं, आणि लंडनच्या माणसाला मात्र कधीच दिसत नाही.

या सरावात तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, कोन मोजणं. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश झाकते, ताणलेली वीत साधारण २० अंश. ‘वायव्येला ३० अंशांवर’ असं वाचलं की क्षितिजापासून तीन मुठी मोजता आल्या पाहिजेत. दुसरी, वेग. ४०० किलोमीटरवरचा उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला सुमारे १.१ अंश सरकतो, ७५० किलोमीटरवरचा त्याच्या साधारण निम्म्या वेगानं. काही फेऱ्या पाहिल्या की नुसत्या चालीवरून उंचीचा अंदाज येऊ लागतो. तिसरी, तारे. सगळं आकाश पाठ असण्याची गरज नाही, पण सप्तर्षी, शर्मिष्ठा, मृग, ब्रह्महृदय, रोहिणी, स्वाती, चित्रा, अभिजित एवढे ओळखता आले पाहिजेत. उपग्रहाची जागा आपण ताऱ्यांच्याच खुणेनं सांगणार आहोत.

भाकितांसाठी हेवन्स-अबव्ह हे संकेतस्थळ पुरेसं आहे. त्यात आपलं ठिकाण नीट भरा, नुसतं शहराचं नाव नको, नकाशावर आपली गच्ची शोधा. भारतीय प्रमाणवेळ निवडली आहे ना, ते तपासा. संगणकावर स्टेलॅरियम घ्या, त्यात उपग्रहांसाठी वेगळी जोडणी मिळते आणि नव्या उपग्रहाची माहिती आपल्याला भरता येते.

प्रक्षेपणाची बातमी कशी वाचावी

बातमीतून चार गोष्टी टिपायच्या: कुठून उडालं, किती वाजता, कक्षेची उंची किती आणि कक्षेचा कल किती. कल म्हणजे कक्षेची पातळी, अर्थात उपग्रह ज्या सपाट प्रतलात फिरतो ते प्रतल, विषुववृत्ताशी जो कोन करते तो. इस्रोच्या प्रत्येक मोहिमेच्या माहितीपत्रकात हे आकडे असतात.

कल पहिला चाळणीचा आकडा. उपग्रह डोक्यावरून जायला हवा असेल तर कल आपल्या अक्षांशाहून मोठा पाहिजे. महाराष्ट्र साधारण १५.६ ते २२ अंश उत्तरेत आहे. म्हणून स्पेसएक्स कंपनीचं ५३ अंशांचं स्टारलिंक उपग्रहांचं जाळं, ५१.६ अंशांचं अंतराळ स्थानक, ९८ अंशांच्या आसपासचे ध्रुवीय उपग्रह हे सगळे आपल्या आवाक्यात आहेत. ३६,००० किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्या बातम्या आनंदानं वाचून सोडून द्या.

आता वेळ, आणि इथे थोडं थांबू या, कारण सगळी गंमत इथे आहे. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे बहुतेक उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत असतात. ही कक्षा अशी बेतलेली असते की उपग्रह कोणत्याही ठिकाणावरून रोज ठरावीक स्थानिक वेळेलाच जातो. रॉकेट सुटतं तेव्हाच कक्षेची पातळी जवळपास ठरून जाते, म्हणून उड्डाणाची वेळ आणि पुढे आयुष्यभर त्या उपग्रहाची आपल्याकडे यायची वेळ यांत घट्ट नातं असतं.

१५ फेब्रुवारी २०१७ चं पीएसएलव्ही-सी३७ आठवा. एकाच वेळी १०४ उपग्रह, सकाळी ९ वाजून २८ मिनिटांनी उड्डाण. म्हणजे ते सगळे सकाळी साडेनऊच्या आणि रात्री साडेनऊच्या सुमारास जाणार. सकाळी लख्ख ऊन, रात्री साडेनऊला ५०० किलोमीटर उंचीवर गडद सावली. विक्रमी मोहीम, पण आपल्या गच्चीवरून पाहायला जवळजवळ काहीच नाही. हे बातमीच्या पहिल्या ओळीवरूनच कळतं आणि वाट पाहण्याचे दिवस वाचतात.

निसारचं उलट आहे. तो संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास उडाला, म्हणजे तो पहाट-संध्याकाळच्या कक्षेत आहे, स्थानिक वेळेनुसार सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जाणारा. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय उड्डाणं समुद्रावरून दक्षिणेकडे जातात. म्हणून संध्याकाळच्या फेरीत निसार उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार आणि पहाटेच्या फेरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे. स्थानिक सहा म्हणजे घड्याळातले सहा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, पुणे-मुंबई त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. हा फरक आणि आपला अक्षांश धरून हिशोब केला तर मुंबई-पुण्याच्या डोक्यावरून जाणारी संध्याकाळची फेरी साधारण पावणेसातच्या आसपास पडते. नागपूरला ती वीस-पंचवीस मिनिटं आधी.

आता ऋतू पाहा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेसातला आकाश पुरेसं काळवंडलेलं असतं आणि निसारच्या साडेसातशे किलोमीटर उंचीवर ऊन असतं. उत्तम. जूनमध्ये मात्र सूर्यास्तच सातनंतर, म्हणजे डोक्यावरची फेरी दिवसाउजेडी निघून जाते. जुलैअखेरीला, ऐन पावसाळ्यात उडालेला हा उपग्रह पाहण्यासाठी आपल्याकडे खरा काळ हिवाळ्याचा. कामाच्या कक्षेत स्थिरावल्यावर निसार दर १२ दिवसांनी तंतोतंत त्याच मार्गावर परततो. एकदा चांगली फेरी सापडली की बारा दिवसांनी त्याच वेळी पुन्हा गच्चीवर जा. आकाशात इतका वक्तशीर सोबती क्वचित मिळतो.

सूर्यसमकालिक नसलेल्या कक्षांचं गणित वेगळं. त्यांची पातळी रोज थोडी फिरते आणि फेऱ्या दररोज साधारण २० ते २४ मिनिटं आधी येतात. ३० डिसेंबर २०२४ रोजी रात्री दहाला इस्रोच्या स्पेडेक्स या अंतराळातल्या जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह उडाले, कल ५५ अंश, उंची ४७५ किलोमीटर. पहिल्या दिवशी आग्नेयेकडे जाणारी फेरी रात्री दहाच्या आसपास, म्हणजे सावलीत. पण रोज वीस-बावीस मिनिटं अलीकडे येत आठवडाभरात तीच फेरी संध्याकाळी सातच्या आसपास येते, अगदी दिसण्याच्या वेळेत. असा हिशोब वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं होतो, त्याला संगणक लागत नाही.

कक्षेचे आकडे मिळवणं

बातमीवरून आठवडा ठरतो. नेमका सेकंद ठरवायला कक्षेचे मोजलेले आकडे लागतात. अमेरिकेचं अंतराळ दल रडार आणि दुर्बिणींनी कक्षेतल्या वस्तूंचा माग ठेवतं आणि बहुतेकांचे आकडे प्रसिद्ध करतं. ते सेलेसट्रॅक या संकेतस्थळावर सोयीस्कर मिळतात. तिथे गेल्या तीस दिवसांतल्या प्रक्षेपणांची स्वतंत्र यादी आहे. नवशिक्यानं रोज उघडावी अशी ती जागा.

हे आकडे दोन ओळींच्या ठरलेल्या साच्यात येतात, त्याला टीएलई म्हणतात. आता इतर साचेही वापरात आहेत, कारण जुन्या साच्यात वस्तूच्या क्रमांकाला पाचच घरं आहेत आणि ती अपुरी पडू लागली आहेत. सगळे आकडे समजून घेण्याची घाई नको. सुरुवातीला चार पुरे.

पहिल्या ओळीत वस्तूचा क्रमांक आणि प्रक्षेपणाची खूण असते. खुणेत वर्ष, त्या वर्षातलं कितवं प्रक्षेपण आणि त्यातला कोणता तुकडा हे सांगितलेलं असतं. अंतराळ स्थानकाची खूण १९९८-०६७ए, म्हणजे १९९८ मधल्या ६७ व्या प्रक्षेपणातला पहिला तुकडा. त्याच ओळीत आकडे कोणत्या क्षणाचे आहेत ते असतं: २५२११.५ म्हणजे २०२५ चा २११ वा दिवस, अर्थात ३० जुलै, आणि .५ म्हणजे ग्रिनिच वेळेनुसार दुपारचे बारा. आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा. दुसऱ्या ओळीत कल असतो आणि शेवटाकडे दिवसातल्या प्रदक्षिणांची संख्या. १४४० ला त्या संख्येनं भागलं की एका फेरीची मिनिटं येतात. १५.५ असेल तर ९३ मिनिटं, १४.४ असेल तर १०० मिनिटं.

नव्या उपग्रहाच्या बाबतीत आकडे किती ताजे आहेत याला फार महत्त्व आहे. पहिल्या दिवसांत उपग्रह इंजिनं चालवून कक्षा उंचावत असतो, खालच्या कक्षेत विरळ हवेचा अडथळाही असतो. कालचे आकडे आज चुकतात. पण चूक बहुतेक एकाच प्रकारची असते: मार्ग जवळजवळ तोच राहतो आणि उपग्रह त्या मार्गावर लवकर किंवा उशिरा येतो. ४०० किलोमीटरवर दहा सेकंदांचा फरक म्हणजे डोक्यावर एका मुठीहून जास्त अंतर. म्हणून भाकितातल्या वेळेच्या पाच-सात मिनिटं आधीपासून आणि तेवढाच वेळ नंतर त्या मार्गावर पहारा ठेवा.

गच्चीवर

साधनं थोडी लागतात. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री, सेकंद दाखवणारं घड्याळ, वही, लाल उजेडाची बॅटरी. मोठी दुर्बीण या कामात अडचणच करते, तिच्या इवल्या दृश्यक्षेत्रातून उपग्रह क्षणात निसटतो.

डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस मिनिटं आधी जा. फोनचा पडदा कमीत कमी उजेडावर ठेवा. मार्गावर एक ठिकाण निवडा, जिथे उपग्रह एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून जाणार आहे, आणि द्विनेत्री तिथे रोखून थांबा. उपग्रहाच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या वाटेवर थांबणं केव्हाही चांगलं. द्विनेत्री कठड्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवली तर हात थरथरत नाहीत आणि अंधुक वस्तूही सापडतात. पहाटेच्या निरीक्षणात सूर्योदयाच्या बऱ्याच आधी द्विनेत्री खाली ठेवा, चुकूनही सूर्य तिच्यात येता कामा नये. आणि हिरव्या लेझरनं आकाशात दाखवण्याचा मोह टाळा, वैमानिकांच्या डोळ्यांना तो धोका आहे.

पहिल्यांदाच नवा उपग्रह पाहायचा असेल तर स्टारलिंकपासून सुरुवात करा. २४ मे २०१९ रोजी पहिले ६० एकदम सोडले गेले आणि त्याच रात्री युरोपातल्या हौशी निरीक्षकांनी त्यांची रांग टिपली. तेव्हापासून असे गट सतत उडत आहेत. सोडल्यानंतरचे थोडे दिवस ते खालच्या कक्षेत एकमेकांच्या मागे लागून चालतात, आगगाडीच्या डब्यांसारखे. हळूहळू अंतर वाढतं, ते वर चढतात आणि मंद होतात. स्पेसएक्स आपले कक्षेचे आकडे स्वतःहून देते, ते सेलेसट्रॅकवर बऱ्याचदा उड्डाणाच्या आधीच येतात. म्हणून पहिल्या संध्याकाळचीही भाकितं करता येतात. एकच गट लागोपाठ तीन-चार दिवस पाहा. रांग कशी लांबते, तेज कसं घटतं, हे पाहिलं की कक्षा उंचावणं म्हणजे काय ते पुस्तकाविना कळतं. या झुंडींनी खगोलशास्त्रज्ञांच्या छायाचित्रांत रेघोट्या उमटतात ही गोष्ट गंभीर आहे, आणि पाहणाऱ्यानं ती विसरू नये.

ठिपके अनेक, नाव एक

प्रक्षेपणानंतर कक्षेत एकच वस्तू जात नाही. उपग्रह, रॉकेटचा शेवटचा टप्पा, कधी जोडणीचे तुकडे. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडालं तेव्हा जगभर लोकांनी साध्या डोळ्यांनी जे पाहिलं ते बहुतांशी त्याचं रॉकेट होतं. त्या मोहिमेत ‘ए’ हे अक्षर रॉकेटलाच मिळालं आणि उपग्रह झाला ‘बी’.

आजही पहिल्या दिवसांत यादीत नावं नसतात. ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढे ही अक्षरं अदलाबदलही होतात. हौशी निरीक्षकाला खरं काम इथे आहे. तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, तेजाची चाल. स्थिर उपग्रहाचं तेज हळूहळू वाढतं आणि हळूहळू घटतं. सोडून दिलेलं रॉकेट गिरक्या घेतं, त्यामुळे ते ठरावीक सेकंदांनी लकाकतं. दहा लकाकी मोजा, लागलेल्या वेळेला दहानं भागा, गिरकीचा काळ मिळाला. यादीत अशा रॉकेटांच्या नावापुढे ‘आर/बी’ असतं आणि तुकड्यांपुढे ‘डीईबी’.

दुसरी, पुढे-मागे असण्याचा क्रम. खालच्या कक्षेतली वस्तू लवकर फेरी पूर्ण करते आणि रोज पुढे सरकत जाते. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा बऱ्याचदा खाली आणला जातो. स्पेडेक्सच्या वेळी पोएम-४ म्हणून काम करणारा हा टप्पा ३५० किलोमीटरवर आणला होता. अशा दोन ठिपक्यांतलं अंतर दिवसागणिक वाढत गेलं तर पुढचा कोण आणि मागचा कोण हे सहज ठरतं.

तिसरी गोष्ट म्हणजे अचानक बदललेलं तेज. ब्लूवॉकर-३ हा उपग्रह सप्टेंबर २०२२ मध्ये गेला तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याजोगा नव्हता. नोव्हेंबरात त्याची घडी केलेली ६४ चौरस मीटरची अँटेना उलगडली आणि तो प्रश्वा ताऱ्याइतका उजळ दिसू लागला. त्याच घराण्यातला, आकारानं कितीतरी मोठा ब्लूबर्ड ब्लॉक-२ डिसेंबर २०२५ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ नं नेला. असा उपग्रह उडाल्यापासून दर आठवड्याला तेज नोंदवत राहा, उलगडण्याचा दिवस तुमच्या वहीत सापडेल.

दिशाही बोलते. बहुतेक उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे किंवा उत्तर-दक्षिण जातात. ठिपका स्पष्टपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे चालला असेल तर इस्रायलच्या ओफेक मालिकेचा विचार करा. शेजारच्या देशांवरून रॉकेट जाऊ नये म्हणून इस्रायल भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे उड्डाण करतं आणि त्यामुळे ते उपग्रह उलट्या दिशेनं फिरतात.

तो उपग्रह नसेलही

विमानाला लाल-हिरवे दिवे आणि लुकलुक असते, द्विनेत्रीतून लगेच कळतं. उल्का सेकंदा-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून खाली येणारी वस्तू मात्र नवख्याला चकवते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आणि आसपास हजारो लोकांनी आकाशातून संथपणे जाणारे, तुकड्यातुकड्यांत विभागलेले जळते लोळ पाहिले. अनेकांना उल्कावर्षाव वाटला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. तज्ज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा कक्षेतून परतलेला टप्पा असावा. जळते तुकडे आडवे, एकाच दिशेनं, अर्धा-एक मिनिट जात राहिले तर तो असा परतणारा टप्पा समजा. वेळ सेकंदासह टिपा, दिशा टिपा. जमिनीवर काही सापडलं तर हात लावू नका, आत विषारी इंधनाचे अवशेष असू शकतात. पोलिसांना कळवा.

नोंद

नोंदीशिवाय पाहणं वाया जातं असं माझं ठाम मत आहे. एका नोंदीत तारीख, ठिकाण, उपग्रह एखाद्या ताऱ्याजवळून गेला तो क्षण सेकंदासह, कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधून गेला, तेज कोणत्या ताऱ्याइतकं होतं आणि भाकितापेक्षा किती सेकंद लवकर किंवा उशिरा आला, एवढं यावं. अंधारात लिहिणं जमत नाही, म्हणून फोनवर आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला घड्याळातली वेळ मोठ्यानं बोला आणि उपग्रह ताऱ्याजवळ आला की ‘आता’ म्हणा. घरी येऊन रेकॉर्डिंगवरून सेकंद काढा.

कॅमेरा असेल तर तिपाईवर लावून, रुंद भिंगानं, आयएसओ ८०० ते १६०० ठेवून आठ-दहा सेकंदांचं छायाचित्र घ्या. उमटलेल्या रेघेची दोन टोकं म्हणजे शटर उघडल्याचा आणि मिटल्याचा क्षण. कॅमेऱ्याचं घड्याळ बहुधा चुकलेलं असतं, म्हणून सुरुवातीलाच फोनवरच्या सेकंदी घड्याळाचं एक छायाचित्र काढून ठेवा, फरक नंतर वजा करता येतो.

सोबत मिळाली तर शिकणं सोपं होतं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. दोन गावांतून एकाच फेरीची नोंद घेतली तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रह वेगवेगळ्या जागी दिसतो, आणि त्या फरकावरून त्याची उंची काढता येते. महाविद्यालयातल्या मुलांसाठी याहून चांगला प्रयोग मला सुचत नाही.

डोळ्यांना न दिसणारे

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. वजन सुमारे एक किलो, आकार जेमतेम दहा सेंटिमीटरचा घन. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. असे छोटे उपग्रह द्विनेत्रीतूनही दिसत नाहीत, त्यांना ऐकावं लागतं. उपग्रह जवळ येताना त्याच्या रेडिओ संदेशाची वारंवारिता थोडी चढते आणि दूर जाताना उतरते. हा बदल नेमका कधी होतो ते मोजलं की एकाच रॉकेटमधून सुटलेल्या डझनभर डब्यांपैकी कोणता बोलतो आहे ते ठरवता येतं. सॅटनॉग्स या जाळ्यात जगभरच्या हौशी लोकांची लहान ग्रहण केंद्रं जोडलेली आहेत आणि त्यांच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. स्वतःचा अँटेना उभारण्याआधी तिथल्या नोंदी उघडून तो वारंवारितेचा वक्र ओळखायला शिका.

या मार्गानं काय हाती लागू शकतं, याचं उदाहरण जानेवारी २०१८ चं आहे. कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली नुकत्याच सोडलेल्या झूमा या गुप्त उपग्रहाचा संदेश शोधत होते. तो मिळाला नाही, पण दुसराच एक संदेश मिळाला. वारंवारितेच्या वक्रावरून त्यांनी कक्षा जुळवली, तर तो नासाचा इमेज उपग्रह निघाला, डिसेंबर २००५ पासून गप्प झालेला आणि मेला असं धरून चाललेला. त्याच महिन्याच्या अखेरीस नासानं ओळखीवर शिक्कामोर्तब केलं. टिली यांनी केलं ते एवढंच की अनपेक्षित संदेश टाकून न देता त्याची वेळ आणि वारंवारिता नीट मोजली आणि यादीतल्या कक्षांशी ताडून पाहिली. तुमच्या वहीतही भाकितात न बसणाऱ्या नोंदींसाठी वेगळं पान ठेवा, आणि सेलेसट्रॅकच्या यादीत नवे आकडे आले की ते पान त्यांच्याशी पुन्हा ताडून पाहा.